कडेचा तुकडा

दोन्ही तळहात हवेत समोरासमोर धरायचे, मधे जणू एक अदृश्य खोकं आहे असं दाखवायचं आणि म्हणायचं, "एवढंच. बाकीच्याला हात लावायचा न्हाय." आमच्या सरांचं अर्धं शिकवणं या एका वाक्यात होतं.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. शर्टाचं एक बटण तुटलं तर तेवढंच लावायचे, मग ते दुसऱ्या रंगाचं का असेना. ऑफिसात ओल आली तेव्हा त्यांनी स्वतः ब्रश घेऊन फक्त ओलीचा चट्टा रंगवला. भिंतीवर दुसऱ्याच पांढऱ्या रंगाचा चौकोन उठून दिसायला लागला. कंपनीचे मालक कपाळाला हात लावून बघत राहिले. सर म्हणाले, "चांगली भिंत कशाला रंगवायची?"

कोल्हापुरात, राजारामपुरीत एक जिना चढून वर आमचं ऑफिस होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी इंजिनिअरिंग करून नुकतीच नोकरीला लागले होते. सर म्हणजे तिथले माझे वरिष्ठ, गडहिंग्लजकडचे. घरी मराठीइतकीच कन्नड, त्यामुळे मला नावाने हाक न मारता 'तंगी' म्हणायचे. म्हणजे धाकटी बहीण.

आम्ही डॉक्टरांसाठी एक सॉफ्टवेअर करत होतो. सीटी स्कॅनमधून शरीराचे पातळ काप दिसतात, वहीच्या पानांसारखे. ते एकावर एक रचले की पडद्यावर सबंध हाड उभं राहतं, फिरवता येतं. गाठ कुठवर गेली आहे ते डॉक्टर त्यावर लाल ब्रशने रंगवत. पण प्रत्येक फटकाऱ्याला सगळी वही ग्राफिक्स कार्डाकडे पुन्हा पाठवली तर चित्र अडखळायचं. म्हणून ब्रश लागला तेवढंच खोकं पाठवायचं: सुरुवात कुठे, रुंदी किती, उंची किती, खोली किती. हे काम सरांनी मला दिलं.

मी ते केलं आणि चित्र लोण्यासारखं फिरू लागलं. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. सांगलीच्या बाजूच्या एका डॉक्टरांनी सॉफ्टवेअर घेतलं, वापरायला लागले. दोन महिने गेले.

मग एका दुपारी सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"तंगी, ब्रश अगदी कडेला नेला तर काय होतं?"

ब्रश स्कॅनच्या शेवटच्या कापाशी नेला की खोक्याचा काही भाग बाहेर लटके. मी खोकं आत ओढून घेतलं होतं, पण त्याबरोबर आतला रंगही सरकला, तो परत जागेवर आणायला विसरले होते. त्यामुळे तिथला लाल रंग चार काप वर जाऊन बसत होता आणि कड स्वच्छ दिसत होती. सरांनी ते करून दाखवलं.

"कडेला तपासलं हुतंस?"

"तपासलं होतं," मी म्हणाले.

मी तपासलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

मालकांनी आम्हाला आत बोलावलं. "कुणाची तक्रार आलीये का?"

"न्हाय."

"मग पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून टाका. बोभाटा कशाला?" मग कागदावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "हा प्रोग्राम लिहिलाय कुणी?"

मी खाली बघत होते.

"माझ्या हाताखालचं काम हाय, म्हंजे माझंच," सर म्हणाले. "मी डॉक्टरांना सांगून येतो."

मालक नको म्हणत असतानाच ते जिना उतरले. मी त्यांच्या मागोमाग गेले. एसटीत ते खिडकीशी बसले आणि सबंध वाटेत एकदाच बोलले. "जबडा असंल तर? हनुवटी तर स्कॅनच्या कडेलाच येती."

तसंच निघालं. डॉक्टरांनी शिरोळच्या एका शेतकऱ्याच्या खालच्या जबड्यातली गाठ काढली होती. ते बराच वेळ फिल्म उजेडाकडे धरून बसले.

"इथं मला शंका होती," ते म्हणाले. "स्क्रीनवर कड स्वच्छ दिसली, म्हणून तेवढं हाड ठेवलं."

पुन्हा स्कॅन झाला. ठेवलेल्या हाडात गाठ होती. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं आणि जबड्याचा तो भाग पूर्ण गेला.

त्या शेतकऱ्याला भेटायला सर शिरोळला गेले, मलाही नेलं. तो ओसरीवर बसून दुधात कालवलेली भाकरी चमच्याने खात होता. सरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जबड्यामुळे शब्द त्याला नीट फुटत नव्हते.

"म्हंजे तुमी सांगितलं नसतं तर आत वाढलं असतं?"

"व्हय."

"मग बसा की पावणं. उभं का?"

पण त्याची बायको दारातून म्हणाली, "दोनदा कापलं त्यास्नी. दोनदा." आणि आत गेली. सर बसले नाहीत.

डॉक्टरांनी सॉफ्टवेअर परत केलं. महिन्याभरात मालकांनी सरांना नोकरीतून निरोप दिला. जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. मी उठले, तोंडही उघडलं, पण बाहेर आलं ते एवढंच, "सर, येत जा."

"येतो की," म्हणाले. आले नाहीत.

पुढे मीही ती नोकरी सोडली. फोन करायचा, असं दर दिवाळीला ठरवायचे. चारेक वर्षांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की सर हार्ट अटॅकने गेले, त्यालाही सहा महिने होऊन गेले होते. तेव्हा मी गडहिंग्लजला गेले.

त्यांच्या पत्नीने चहा केला. म्हणाल्या, "लई मनाला लावून घेतलं हुतं बघा त्यांनी. शिरोळला जाऊन त्या माणसाला बघून यायचे. म्हणायचे, माझ्या हातनं एका माणसाचं वाईट झालं."

"ती चूक त्यांची नव्हती," मी म्हणाले. "माझी होती. आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"मग हे त्यांना सांगायचं हुतंस की गं," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही कप उचलले आणि आत गेल्या. नळाखाली कप धुतल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. त्या बाहेर आल्या नाहीत. मी पायात चपला घालून पायरीवर थोडा वेळ उभी राहिले, आणि मग दार हळूच ओढून घेतलं.