आतोबांच्या मापाचा स्वेटर

शाळेत एकाहत्तरच्या युद्धावरच्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. कारणं पाच, परिणाम सहा, सगळं घडाघडा पाठ. उपखंडाच्या इतिहासाला कलाटणी मिळाली, नकाशावर नवा देश आला, असं मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं. त्या सहा परिणामांत माझी आत्या कुठे बसते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

आतोबा त्या युद्धात पश्चिम सीमेवर गेले ते परत आलेच नाहीत. प्रेत मिळालं नाही, म्हणून कागदावर ते 'बेपत्ता' राहिले. लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते.

तेव्हापासून आत्या दर डिसेंबरात साताऱ्याकडच्या गावाहून आमच्या दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये यायची. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. ते तिला लष्कराच्या एका ऑफिसात घेऊन जायचे आणि "काही खबर नाही" एवढं ऐकून दोघं परतायची. उरलेले दिवस ती शेजारच्या पंजाबी बायकांबरोबर उन्हात बसून आतोबांसाठी स्वेटर विणायची. दर वर्षी तोच उसवायचा, थोडी लोकर वाढवायची आणि मोठा करून पुन्हा विणायचा. "आता पोट सुटलं असेल," म्हणायची. आई तोंड फिरवून स्वयंपाकघरात निघून जायची. मी मात्र चिडवायचे, "आत्या, आतोबांना अगदी ढेरपोट्या करून ठेवलंस की गं!" ती लाजायची.

मी आठवीत असताना बाबा नेमके दौऱ्यावर होते, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. फाडफाड इंग्रजी बोलते म्हणून जरा भावही खात होते. त्या दिवशी टेबलामागे एक वयस्कर साहेब होते. त्यांनी फाइल वाचली, चष्मा काढला आणि आत्याकडे न बघता माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. आतोबांच्या तुकडीतल्या एका जवानाचा जबाब उशिरा हाती आला होता. त्याच्या डोळ्यांसमोर आतोबांना गोळी लागली, ते नदीच्या पात्रात पडले आणि तिथेच संपले. प्रेत नाही, त्यामुळे कागद बदलेल की नाही ठाऊक नाही, पण या बाईंना आता फेऱ्या मारायला लावू नका, तू घरची आहेस, तू नीट समजावून सांग, असं ते म्हणाले. भला माणूस होता.

आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने माझा हात घट्ट धरला होता.

"काय म्हणतात गं साहेब?"

मी म्हणाले, "शोध चालू आहे."

घाबरले होते, लहान होते, ती तिथेच कोसळली तर काय करू असं वाटलं. याचीही पाच कारणं मी पाठ करून ठेवली आहेत, पण एकही मला पटत नाही. तिथून आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या कँटीनमध्ये गेलो. आत्या त्या दिवशी पोटभर जेवली आणि खूश होऊन तिने मला आणखी एक बटाटेवडा घेऊन दिला. मी तो खाल्ला, याची लाज आजही वाटते.

बाबा परतले की सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण ते आले तेव्हा आत्या त्यांना तेच वाक्य इतक्या आनंदाने सांगत होती की माझी जीभ रेटेना. पुढच्या वर्षी ते साहेब निवृत्त झालेले होते. नव्या साहेबांनी फाइल न उघडताच जुनंच उत्तर दिलं.

दोन वर्षांनी गावातल्या एका मास्तरांनी आत्याला मागणी घातली. विधुर होते, पदरी एक लहान मुलगी. बाबांना फार बरं वाटलं होतं. मग आत्याचं पत्र आलं, आणि बाबांनी ते चहा घेताना मोठ्याने वाचलं. 'पोरीने स्वतः साहेबांच्या तोंडून ऐकलंय, शोध चालू आहे. मग मी दुसरं घर कसं करू?'

"तसंच म्हणाले होते ना गं?" बाबांनी विचारलं.

मी पराठ्याचा घास तोंडात कोंबला आणि मान हलवली. देशाच्या इतिहासाला कलाटणी युद्धाने दिली असेल, आत्याच्या आयुष्याची वाट मी एका वाक्याने बंद केली. मास्तरांनी पुढच्या वर्षी दुसरीकडे लग्न केलं.

आई-बाबा गेल्यावर मी आत्याला फरीदाबादला माझ्या घरी कायमची घेऊन आले. केवढी माया करते, असं लोक म्हणायचे. थंडी पडली की आत्या लोकर काढायची आणि म्हणायची, "साहेब काय म्हणाले होते, पुन्हा एकदा सांग ना." मी दर वर्षी मनाची तयारी करायचे आणि दर वर्षी तेच सांगायचे. शेवटच्या खेपेला तिने त्याच स्वेटरला पुढून बटणं लावायची ठरवली होती. "म्हाताऱ्या माणसाचे हात वर होत नाहीत गं, डोक्यातून कसा घालणार?"

गेल्या हिवाळ्यात ती गेली, बाल्कनीतल्या खुर्चीत, सकाळच्या उन्हात. इथल्या मराठी मंडळातल्या दोघीजणी मदतीला आल्या. त्यांना आत्याची काहीच माहिती नव्हती. कपाळावरचं कुंकू आणि गळ्यातली काळी पोत बघून एकीने हळूच विचारलं, "ताई, यांना सवाष्ण म्हणूनच न्यायचं ना? हिरवी साडी काढू? म्हणजे, यजमान आहेत ना यांचे?"

आता खरं बोलायला काहीच हरकत नव्हती. जिच्यापासून लपवलं, ती ऐकणार नव्हती. आत्याच्या मांडीवर स्वेटर तसाच होता, दोन बटणं लावायची राहिलेला. मी तो उचलून छातीशी धरला, आणि मला रडू आवरेना.

"हिरवीच काढा," मी म्हणाले. "शोध चालू आहे."