किडक्या पानाचा पलंगपोस

स्वतःशी बोलणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून शिसारी येते. बोलायला अख्खं गाव पडलंय की! कुंपणापलीकडे शेजारीण आहे, मंगळवारी मंडळ आहे, रविवारी चर्च आहे. एवढं असून जी बाई अळूच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहून एकटीच पुटपुटते, तिच्या डोक्यात काहीतरी नासलंय असं मी खुशाल समजायचे. पॅसिफिक महासागरातल्या आमच्या आयतुताकी बेटावर अशी पुटपुटणारी माझ्या ओळखीत एकच होती, तेरेआपी. सगळे तिला आपी म्हणतात. मी गोगलगाय म्हणायचे.

आपी माझ्याहून सात वर्षांनी लहान. नवरा तारिकी बारा वर्षांपूर्वी गेला. एकुलती एक मुलगी मेरेआना ऑकलंडला नर्स. आपीचं सगळं हळू. चालणं हळू, जेवणं हळू, आणि एक प्रश्न विचारला तर उत्तर येईपर्यंत चहा थंड. कधी कुणाला उलटून बोलली नाही. 'गोगलगाय नि पोटात पाय,' असंही मी म्हणायचे, कारण जी बाई मनातलं काही सांगत नाही तिचा मला भरवसा वाटत नाही.

दर मंगळवारी आम्ही दहा-बाराजणी हॉलमध्ये चटईवर बसून एकच तिवाएवाए शिवतो, म्हणजे कापलेली नक्षी पांढऱ्या कापडावर शिवून केलेला पलंगपोस. तो केवढा, तर सगळ्याजणी चहूबाजूंनी बसल्या तरी गुडघे लागत नाहीत. मंडळाची प्रमुख मी. मी मागून फिरते आणि प्रत्येकीचा टाका नखाने ओढून बघते. सैल निघाला की उसवते, आणि उसवताना तोंड बंद ठेवायची मला सवय नाही.

"देवा रे देवा, गोगलगायी! हा टाका घातलास की कुत्र्याने दात लावले?"

सगळ्या हसायच्या. आपीही हसायची. जी हसते तिला लागत नाही, असा माझा हिशेब होता.

शिवणं कुणालाही जमतं. कापणं मात्र एकीचंच काम, आणि आमच्या गावात ती एक म्हणजे आकाइती मावशी. अखंड कापड घ्यायचं, आठ पदरी घडी घालायची, आणि खडू न ओढता, माप न घेता कात्री चालवायची. उलगडलं की नक्षी आठ जागी उमटते. चूकही आठ जागी उमटते. आणि घडीच्या टोकाला कात्री लागली तर विचारूच नका, मधला भाग सुटून सगळी नक्षी तुकडे-तुकडे होऊन मांडीवर पडते. मावशीच्या हातून पन्नास वर्षांत एकदाही पडली नाही. पण गेल्या वर्षी तिला कापडाचा रंगही दिसेना.

जानेवारीत मेरेआनाचं लग्न ठरलं. लग्न ऑक्टोबरात. त्या मंगळवारी मावशीने आपली कात्री सगळ्यांदेखत आपीच्या मांडीवर ठेवली.

"मेरेआनाचा पलंगपोस आपी कापेल. नक्षीही तिचीच."

"कुठली नक्षी गं?" मी विचारलं.

आपीचं उत्तर यायला नेहमीसारखाच वेळ लागला. "अळूचं पान. किड्यांनी खाल्लेलं. उन्हात वर धरलं की भोकांतून उजेड येतो ना, पोकोताई, तसं."

"शी!" माझ्या तोंडून निघालंच. "नव्या नवरीच्या पलंगावर किडकं पान? जास्वंद मेली का, अननस मेला? जावई पहिल्याच दिवशी औषध फवारेल!"

हॉल खो-खो हसला. आपीही हसली आणि कात्री पिशवीत घातली. मावशी तेवढी हसली नाही. "पोको," ती म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही. मी मेल्यावर ही कात्री चालवणारी हीच आहे. दुसरी कुणी असेल तर दाखव मला." दुसरी कुणी नव्हती. मेरेआनाने तर फोनवर साफ सांगितलं होतं, आईने कापलेलं मिळणार नसेल तर मला कुणाचंच नको, मी दुकानातली चादर टाकीन. आमच्या मुलीने दुकानातली चादर टाकायची! जूनच्या आत कापलं गेलं तरच ऑक्टोबरपर्यंत शिवून होणार होतं.

फेब्रुवारीत मेरेआनाने विमानाने एक वही पाठवली. गुलाबी पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरांत 'मी समर्थ आहे'. आत प्रत्येक पानावर दोन प्रश्न छापलेले. वर, 'आज मी स्वतःला काय म्हणाले?' खाली, 'आज मी काय घडवणार?' रोज सकाळी मनात जे चाललंय ते खरंखरं लिहायचं, आणि मग आरशासमोर उभं राहून स्वतःला चार गोड शब्द ऐकवायचे. म्हणे त्याने हात मोकळा होतो.

मला अक्षरशः मळमळलं. मी ती वही आपीच्या पिशवीतून काढली आणि मंडळात मोठ्याने वाचली. "'मी समर्थ आहे!' अगं, समर्थ बाई वहीला विचारायला जाते होय? आरशासमोर स्वतःलाच लाडू भरवायचे? असली थेरं ऑकलंडच्या पोरींना शोभतात. आपण बाई कात्री घ्यावी नि कापावं!"

"मेरेआनाने सांगितलंय म्हणून लिहिते," आपी म्हणाली, आणि हळूच माझ्या हातातून वही काढून घेतली.

लिहू लागली खरी. रोज सकाळी फणसाच्या झाडाखाली बाकड्यावर वही, डोकं खाली, ओठ हलताहेत. पुटपुटणं कमी व्हायचं सोडून वाढलं. तिला तसं बघून माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

एप्रिलमध्ये तिने कापड आणलं. गर्द हिरवं, इस्त्री केलेलं, आठ पदरी घडी अगदी काटेकोर. कात्री उचलली. ओठ हलायला लागले. आम्ही सगळ्या गप्प. मला गप्प बसवेना.

"टोक सांभाळ हो! नाहीतर किडकी पानं घरोघर वाटत फिरशील."

कात्री खाली आली. "आज नको," आपी म्हणाली. तिच्या बोटांना घाम फुटला होता, कापडावर डाग पडला. पुढल्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढल्या मंगळवारीही तेच. मला तिची किळस यायला लागली, खरं सांगते. बाईने इतकं लिबलिबीत असावं? एवढी वही भरली, एवढं स्वतःला गोंजारलं, आणि कात्री आहे तिथेच आहे!

मेच्या शेवटी तुटाका आला. वर्षातून एकदा दवाखान्याची बाई आणि गावची समिती घरोघर फिरते, संडास, मोरी, अंगण, पलंग सगळं तपासते, आणि कुणाचं घर स्वच्छ ते ठरवते. समितीत मी असतेच. लोक पांढऱ्या चादरी घालून, फुलं ठेवून तयार असतात. मी चादरीकडे बघतसुद्धा नाही. मी गादी उचलते. खरी बाई गादीखाली कळते.

आपीच्या घरी दवाखान्याची बाई मोरी बघत होती, आपी तिच्याबरोबर होती. मी आत जाऊन गादी उचलली. धुळीचा कण नाही. गुलाबी वही होती.

उघडायला नको होती. उघडली. म्हटलं, बघू तरी काय गोडगोड लिहिलंय, मंगळवारी वाचून दाखवता येईल. हो, माझ्या मनात तेच होतं.

पहिलं पान. 'आज मी स्वतःला काय म्हणाले?' खाली आपीचं गोलगोल अक्षर: 'देवा रे देवा, गोगलगायी, उठायला एवढा वेळ? तोवर अळू पिकून कुजेल.'

दुसरं पान. 'गोगलगायी, नारळ खवतेस की त्याला कुरवाळतेस?'

तिसरं. 'किडकं पान! तुला सुचून सुचून सुचणार काय?'

मी भराभर पानं उलटली. चार महिन्यांत गोड शब्द एक नाही. सगळीकडे 'देवा रे देवा', सगळीकडे 'गोगलगायी'. गावात माझ्याशिवाय तिला गोगलगाय कुणी म्हणत नाही. काही वाक्यं मी खरंच बोलले होते, ती आठवली. काही मी कधी बोलले नव्हते, पण बोलले असते तर अशीच बोलले असते, शब्दन् शब्द. ती बाई चिखलात उभी राहून स्वतःशी बोलतच नव्हती. तिथे मीच बोलत होते.

खालच्या प्रश्नापुढे, 'आज मी काय घडवणार?' तिथे सुरुवातीच्या पानांवर लिहिलं होतं, 'पान कापणार.' पुढे पुढे लिहून खोडलेलं. शेवटी शेवटी नुसतीच आडवी रेघ.

आणि मध्येच एका पानावर तारिकीचं नाव. त्याला पुरताना ज्या पलंगपोसात गुंडाळलं, तो तिने एकटीने दोन दिवसांत पुरा केला होता. तिने लिहिलं होतं, 'नवऱ्याला तरी सरळ टाक्याचा द्यायचा होतास, गोगलगायी. आता तो कायमचा सुरकुत्यांवर झोपणार.'

हे मी बोलले होते. स्मशानात, तिच्या कानाशी, माती टाकून झाल्यावर. वाटलं होतं, जरा हसेल बिचारी. मी घरी जाऊन जेवले आणि विसरले. ती बारा वर्षं ऐकत होती.

"काय सापडलं?" दवाखान्याच्या बाईने दारातून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "घर स्वच्छ आहे."

स्कूटरवरून घरी निघाले. थू तुझ्या जिनगानीवर, पोको, असं कुणीतरी म्हणालं, आणि वळणावर माझ्या लक्षात आलं की ते मीच मोठ्याने म्हणत होते. माझी आई मला टाके शिकवताना सुईने बोटांवर टोचायची, म्हणून मी अशी झाले, असंही स्वतःला सांगून बघितलं. त्या सबबीची तर जास्तच शिसारी आली. टोचलं आईने, पण तिने मला स्मशानात नाही टोचलं.

मंगळवार उजाडला. मे महिन्यातला शेवटचा. आपीने कापड काढलं, घडी चटईवर ठेवली, कात्री उचलली. मी शपथ घेऊन आले होते की आज एक अक्षर बोलायचं नाही. ओठ दाताखाली धरून बसले. आपीचे ओठ हलत होते. हलत राहिले. कात्री टोकाशी नेऊन ती थांबली.

"पोकोताई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोल काहीतरी."

"मी? मी काय बोलू?"

"काहीही बोल. बाहेर बोललीस की एकदाच ऐकावं लागतं. गप्प बसलीस की आत सुरू होतेस, मग थांबतच नाहीस."

बाकीच्या जणींना काही कळलं नाही. आकाइती मावशीला कळलं असावं. तिने आंधळे डोळे माझ्या दिशेने वळवले. मी 'छान' म्हणायला तोंड उघडलं, पण चाळीस वर्षांत न वापरलेला शब्द, घशातच अडकला. 'तू समर्थ आहेस' वगैरे म्हणाले असते तर मला तिथेच ओकारी झाली असती. जे खरं होतं तेच निघालं.

"मी मेले ना आपी, की मला तू कापलेल्यात गुंडाळ."

आता सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. असं आम्ही सहज म्हणत नाही. कुणाच्या हातचं अंगावर घेऊन मातीत जायचं, हे माणूस आयुष्यात एकदाच सांगतं.

आपीने वर बघितलं. "सुरकुत्या पडल्या तर?"

"पडू देत."

"जास्वंद नाही मिळायची. किडकं पानच मिळेल."

"किडकंच दे. मी त्याच लायकीची आहे." माझं नाक वाहायला लागलं होतं, घाणेरडं. "आणि तारिकीच्या वेळी मी जे बोलले... ते मी बोलले, आपी. तू नाही. ते माझं आहे. माझं मला परत दे."

आपीने माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तिने मान खाली घातली आणि कात्री चालवली. आठ पदरांतून कापड कापलं जाताना जो जाड, करकरीत आवाज येतो तो आला, आणि थांबला नाही. तिचे ओठ मिटलेले होते.

उलगडलं तेव्हा मावशी बोटांनी चाचपत गेली, कडेकडेने, भोकाभोकाने. टोक शाबूत होतं. हिरवी आठ पानं, भोकं पडलेली, पांढऱ्या कापडावर ठेवल्याबरोबर उन्हात धरल्यासारखी दिसली. मावशीचं बोट देठापाशी थांबलं. "इथे एक भोक जास्तीचं आहे."

एक म्हणजे आठ. मीही पाहिलं होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं, पण गिळलं.

आपीने वाकून बघितलं. मग हळू, नेहमीसारखीच हळू, म्हणाली, "किडे उपाशी होते."

क्षणभर कुणाला समजलंच नाही की हा आपीने केलेला विनोद आहे. मग मावशीच पहिली हसली, आणि हॉल फुटला. त्या हसण्यात आपी माझ्याकडे वळली, उरलेल्या हिरव्या तुकड्यांची घडी घालत.

"पोकोताई, तुझा कधीपर्यंत लागेल? म्हणजे कापड सांगून ठेवते."

बायका चटईवर लोळल्या.

"घाई नाही," मी म्हणाले, आणि दोरा ओवून देठाजवळच्या पहिल्या भोकाच्या काठाला टाके घालायला बसले. थोड्या वेळाने आपी माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझा टाका नखाने ओढून बघितला.