गुठळी सरांची सुट्टी

रामनगरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे आमचे सर दरवर्षी एक मफलर कापत. जुनापाना नव्हे, बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हातानं विणलेला नवाकोरा. रक्त गोठण्याचा धडा आला की गळ्यात मफलर आणि हातात शिंप्याची कात्री घेऊन सर वर्गात शिरत, आणि मागच्या बाकावरची आम्ही टवाळ मंडळीसुद्धा चिडीचूप होत असू. 'गुठळी सर' हे नाव कुणी ठेवलं ते मी सांगणार नाही. ठेवणाऱ्याचं आता रामनगरात औषधांचं दुकान आहे, एवढंच सांगतो.

"मी प्लेटलेट," सर सुरू करत. "रक्तातनं झोपेत हिंडालोय. हा मफलर म्हणजे माझ्या अंगावरची ग्राही, बाहेरचा निरोप झेलणारी. आता निरोप घेऊन कोण येतंय? कोण येत न्हाई!" कात्री म्हणजे थ्रॉम्बिन, जखम झाली की रक्तात तयार होणारं विकर. ते निरोप आणत नाही, नुसतं कापतं. कच्च! मफलरचं टोक जमिनीवर पडे. उरलेलं नवं टोक सर वाकवून स्वतःच्याच तोंडात कोंबत, डोळे वटारत, हात पसरून पुढच्या बाकावरच्या दोघांना कवटाळत. प्लेटलेट जागी झाली, शेजाऱ्यांना चिकटली, गुठळी तयार! मग तोंडातली लोकर काढत म्हणत, "निरोप्या ग्राहीच्याच अंगात दडलेला असतोय. वरचं टोक छाटलं की आपलं आपल्यातच जाऊन बसतंय."

"परत शिवा की, सर!" मी एकदा ओरडलो.

"मफलर शिवतील बाई. ही ग्राही शिवता येत न्हाई. एकदा कापली की पेशी तिला आत ओढती आणि मोडून टाकती. परत झोप न्हाई, बाबा."

घरी बाई विचारायच्या, "औंदा बी कापलासा व्हय?" आणि पुढच्या वर्षीचा मफलर विणायला घ्यायच्या.

कुणाचा गुडघा फुटला, कुणाचं बोट कोयत्यानं कापलं, की सर आधी तिथं उकिडवे बसत. "बघ, बघ, जाग्या व्हायल्यात!" रडणारा पोरगा रडणं विसरून स्वतःच्या जखमेत डोकावू लागे. रक्ताला न भिणारी पिढी आमच्या या जंगलमुलखात त्यांनीच तयार केली.

निवृत्त झाल्यावर ते नंदिगड्ड्याजवळच्या आपल्या भातशेतीवर राहायला गेले. मागच्या उन्हाळ्यात छातीत कळ आली. बेळगावला नेऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टरांनी बजावलं, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, वर्षभर, एकही दिवस खाडा नाही. कारण जाळी म्हणजे शरीराच्या लेखी परकं लोखंड. तिथं प्लेटलेट जाग्या व्हायला टपलेल्याच असतात. गोळ्या त्यांना एकमेकींना हाका मारू देत नाहीत. त्या गोळ्या मीच देत होतो.

मग लावणी आली, आणि लावणीबरोबर जळवा. आमच्याकडं आषाढात पायाला चुना-तंबाखू चोळल्याशिवाय कुणी चिखलात उतरत नाही. तरी चावायच्या त्या चावतातच. एरवी तासाभरात थांबणारं रक्त सरांच्या पायातनं दुपारपर्यंत वाहू लागलं. लावणीच्या बायकांची मुकादम शांताक्का हात थांबवून म्हणाली, "सर, तुमी बांधावर बसा बघू. चिखल तांबडा व्हायलाय. बायका रोपाला हात लावंनात." पहिल्या लावणीत रक्त पडणं वाईट, असं इथं मानतात. बांधावर बसणं सरांना जमणारं नव्हतं. त्यांनी गोळ्या बंद केल्या.

हे मला त्यांनीच सांगितलं. खत न्यायला रामनगरात आले होते, छत्री झटकत माझ्या दुकानात शिरले. गोळ्या संपत आल्या असतील, असं मी म्हणालो.

"लावणी होईस्तोवर सुट्टी दिलीया त्यास्नी."

"सर!"

"अरे, जळवा हायत की! त्यांच्या थुंकीत थ्रॉम्बिनचं तोंड बांधायचं औषध असतंय. रोज दहा डॉक्टर पायाला चिकटून सेवा करत्यात. परत फुकट!"

मी पोट धरून हसलो. जळूचं औषध चावलेल्या जागेपुरतं. छातीतल्या जाळीपर्यंत ते पोचत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. पण विनोद इतका झकास होता, की संध्याकाळपर्यंत मी तो तीन गिऱ्हाइकांना नकलेसकट ऐकवला.

चौथ्या दिवशी ते बांधावर कोसळले. जीपमधून दवाखान्याकडं आणताना शुद्धीत होते. बाईंचा हात धरून म्हणाले, "सगळ्या एकदम जाग्या झाल्या गं." घाटात वळणावर जीप थांबवावी लागली. पुढं नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

महिन्यानं बाई दुकानात आल्या. पिशवीतनं गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या.

"ह्या न खाल्ल्यामुळं गेले काय?"

"व्हय," मी म्हणालो.

"तुमास्नी ठाऊक हुतं, बंद केल्यात ते?"

"ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं, आणि मी हसलो, बाई."

त्यांनी पट्ट्या एकेक करून परत पिशवीत भरल्या.

"मला बी तसंच सांगिटलं," त्या म्हणाल्या. "मी बी हसले."