शिंप्याचा गुरुवार

आमचे हे शिंपी. हात सरळ चालतो, जीभ अडखळते. माप हे घेतात, मी लिहून घेते. 'छत्तीस' म्हणताना 'छ'वर गाडी अडली, की हे खुशाल 'अडतीस' म्हणून मोकळे होतात आणि कापताना मनातल्या मनात दोन इंच वजा करतात. एकदा हे तापाने झोपले होते म्हणून मी कापलं, तर गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचा तंबू झाला. तेव्हापासून यांच्या तोंडून निघालेल्या कुठल्याच शब्दावर माझा पटकन विश्वास बसत नाही.

त्यात मुलगी सहा वर्षांची झाली आणि तीही अडखळू लागली. त्याच महिन्यापासून यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. नुसती मान हलवायची नाहीतर हाताने खुणा. पोर रडवेली व्हायची आणि माझा तिळपापड व्हायचा. वर दर गुरुवारी दुपारी दुकान बंद करून हे "क-क-कापड आणायला" जायचे. कापड काही यायचं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

चौथ्या गुरुवारी मी गुपचूप मागे गेले. बाई असणार, खात्रीच होती माझी. बाई होतीही! हॉस्पिटलच्या तळघरात, पांढऱ्या कोटात. आणि हे काचेपलीकडे एका मशीनच्या पोटात आडवे.

"अडखळत बोलणाऱ्यांचा मेंदू तपासतोय आम्ही," ती म्हणाली. "बसा."

स्पीकरवर यांचा आवाज आला, नेहमीसारखाच अडखळत. मग तिने बटण दाबलं. रेकॉर्ड केलेला एक आवाज वाचू लागला आणि त्याच्या जोडीने हेही, अगदी घडाघडा! अकरा वर्षांच्या संसारात मी हे ऐकलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे इतकी वर्षं सोंग?"

"नाही हो. सोबत कुणी वाचलं की बऱ्याच जणांचं सुटतं." तिने मागच्या खेपेचं यांच्या मेंदूचं रंगीत चित्र दाखवलं. "हा एकट्याने बोलतानाचा मेंदू. बोलणं जुळवायचं काम जास्त करून डावीकडचं, तिथे हालचाल कमी. उजवीकडे मात्र नको इतकी धावपळ."

रंग काय, कुणीही भरेल. मी तसं बोलूनही दाखवलं.

हे बाहेर आले, मला पाहून पांढरे पडले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी तिला विचारलं. एवढंच विचारायचा धीर करायला त्यांना चार गुरुवार लागले होते.

"म-म-माझं ऐकून मुलीला ल-लागलं का?"

"ऐकून लागत नाही. कधी कधी रक्तातून येतं. पण तुम्ही गप्प बसलात म्हणून ते थांबणार नाही."

कुठली बाई आणि कुठलं काय! मला माझीच लाज वाटली.

घरी आल्या आल्या हे मुलीसमोर जमिनीवर बसले. "आ-आ-आज शाळेत क-काय केलंस?"

ती सरकत त्यांच्याजवळ आली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुमचा र-र-राग गेला?"

राग नव्हताच, असं यांना म्हणायचं होतं. पण पहिल्याच अक्षरावर जे अडले, ते अडलेच. मी शब्द पुरवायला तोंड उघडलं, तर पोरीने हात वर करून मला थांबवलं.

"आई, थ-थांब ना. बाबा बोलतायत."