मापाऱ्याने कापून काढलेली छाप

झाडाचं वय तुम्ही कुणाला विचाराल, विकणाऱ्याला की झाडाला? लाकूड तपासणीच्या आवारातला मापारी एकवीस वर्षं झाडालाच विचारत आला. ओंडक्याचं कापलेलं तोंड साफ करायचं, वर्षाला एक अशी वलयं मोजायची, मग हातोड्याने छाप उठवायची. शेतकऱ्यांनी बांधावर लावलेलं झाड पंचवीस-तीस वलयांत तोडीला येतं. छाप पडली की ते लागवडीचं ठरतं आणि परदेशी विकलं जातं. जंगलच्या लाकडाला छाप नाही. कितीही गोड बोला, हा मान हलवणार. म्हणून ट्रकवाले त्याला 'नाहीबुवा' म्हणत. त्याला ते मनातून आवडायचं.

एकदाच त्याने क्रम उलटा केला. त्या दिवशी माल व्याह्यांचा होता. मुलीचे सासरे स्वतः ट्रकबरोबर आले आणि सुनेच्या शिलाईच्या दुकानाचं कौतुक सांगत बसले. ओंडक्यांची तोंडं चिखलाने माखलेली. घरच्या माणसाचा माल काय धुऊन बघायचा, म्हणून मापाऱ्याने बोलता बोलता सात ओंडक्यांवर छाप मारली. सातव्यावरच्या दणक्याने शेजारच्या आठव्याचा चिखल गळून पडला. आत वलयं केसासारखी बारीक, एकमेकींना चिकटलेली. मोजता मोजता तो शंभराच्या पुढे गेला आणि मग त्याने मोजणंच सोडलं.

व्याही म्हणाले, बांधावरचंच आहे, आमच्या आजोबांनी लावलेलं.

"बांधावरचं झाड पोटभर ऊन खातं, सुटतं, त्याची वलयं जाड पडतात. हे दाटीत उपाशी वाढलंय," मापारी म्हणाला. "आता आजोबांचं वय विचारायला लावू नका."

व्याह्यांनी आवाज खाली आणला. सातांवर पडलीच आहे, मग आठव्याने काय घोडं मारलंय?

"मुलगी आमच्या घरात आहे, एवढं ध्यानात असू द्या."

असला एक ओंडका परदेशी बंदरात पकडला गेला, की बांधावर झाडं लावणाऱ्या सगळ्यांचा माल परत येतो. पुढे कुणी रोप लावत नाही आणि सगळी तोड जंगलावर येते. मापाऱ्याने हे दोनदा पाहिलं होतं. उठलेली छाप पुसता येत नाही, कापूनच काढावी लागते. त्याने सातांची तोंडं धुतली, आत तीच बारीक वलयं; मग करवत आणली आणि सातही ओंडक्यांच्या छापेच्या चकत्या उतरवल्या. व्याही शेवटपर्यंत उभे राहिले, चहा न घेता गेले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. सासरी काय बोलणी बसली ते तिने सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "बाबा, आधीच का नाही हो बघितलंत?" फोन ठेवून त्याने कागद घेतला आणि न बघता छाप मारल्याचं लिहून काढलं.

व्याह्यांनी तक्रार केली आहे, की जुन्या रागातून चांगला माल खराब केला. आवाराच्या साहेबांनी मापाऱ्याचा हातोडा काढून घेतलाय. आपली चूक मापाऱ्याने आधीच लिहून दिली, तर तोच कागद आता त्याच्यावर उगारतायत. वलयांबद्दल त्यात कुणी अवाक्षर काढत नाही.

चौकशी सोमवारी अकराला, आवारातच आहे. सातही चकत्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. या, आपल्या डोळ्यांनी मोजा, आणि जेवढी वलयं भरतील तेवढी चौकशीच्या कागदावर आकड्यात लिहून खाली सही करा.