भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दोघी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लोह्याला दिलेल्या सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तुमच्यापाशी बोलते आहे — का, ते मलाच नीट सांगता येणार नाही.

मुखेडमध्ये मला ओळखणारे म्हणतात, लेकीसाठी भांडावं तर हिच्यासारखं. ऋतुजाला वाचताना अक्षरं उलटसुलट दिसतात, हे मी नांदेडच्या डॉक्टरांकडून लिहून आणलं. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून अर्ज केले, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ताटकळत बसले. आज ती लातूरला अकरावीत आहे. दुसरे आईबाप मला विचारायला येतात — शाळेत कसं बोलायचं, काय मागायचं? मी सांगते. हे सगळं खरं आहे. पण सुरुवात कुठून झाली, तेवढं मी गाळते.

ऋतुजा पाचवीत होती. वाचनाच्या तासाला तिच्या बाई तिला आणि रेखा नावाच्या मुलीला भिंतीकडे तोंड करून बसवायच्या. या दोघींमुळे वर्ग मागे पडतो, म्हणून. रोज. ऋतुजानं मला हे सांगितलं होतं — एकदा नाही, तीनदा. मी वेणी घालत असताना, मान खाली घालून. मी काय केलं? "नीट वाचत जा," म्हटलं. बाई आमच्याच गल्लीतल्या, हळदीकुंकवाला येणाऱ्या. आणि मी कचेरीत नोकरी करणारी. माझ्याच पोरीला वाचता येत नाही, हे चारचौघांत कसं कबूल करायचं?

मग पालकसभा झाली. मुलंही सोबत होती. रेखाची आई, शेवंता, सोयाबीन काढायला जायची. त्या दिवशी काम सोडून आली होती. ती उभी राहिली. म्हणाली, "माझ्या लेकरानं काय गुन्हा केला, बाई? भिताडाकडं तोंड करून का बसवता?"

बाई म्हणाल्या, असं काही नाहीच, पोरगी खोटं बोलते. शेवंता माझ्याकडे वळली. "ताई, तुमची ऋतुजाबी बसती की तिच्याजवळ. सांगा की तुम्ही."

एवढंच हवं होतं तिला. एक वाक्य.

मी म्हणाले, "नाही. आमची ऋतुजा तसं काही बोलली नाही."

ऋतुजाचा हात माझ्या हातात होता. तो तिनं काढून घेतला — हिसका न देता, हळूच. शेवंता खाली बसली. मागे कुणीतरी हसलं.

यापुढचं सांगणं जास्त अवघड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या घरी गेले. चहा घेतला, आणि ऋतुजाला पहिल्या बाकावर बसवा, अशी विनंती केली. त्यांनी लगेच मानली. रेखाचं नाव मी काढलं नाही. काढलं असतं तर? बाई नाही म्हणाल्या असत्या का? माहीत नाही, मी विचारलंच नाही. ऋतुजा पुढे आली. रेखा भिंतीपाशी एकटी राहिली, वर्षभर. सातवीनंतर तिची शाळा सुटली. आणि ऋतुजानं शाळेतलं मला काही सांगणं त्या सभेपासूनच बंद केलं. आता लातूरहून फोन करते, जेवले म्हणते, ठेवते.

गेल्या महिन्यात आठवडी बाजारात शेवंता भेटली. रेखा सोबत होती. "तुमची पोरगी लातूरला शिकून राहिली म्हणं. लई चांगलं झालं," शेवंता म्हणाली. टोमणा नव्हता. तिच्या धाकटीचंही वाचताना तसंच अडतंय. शाळेत जाऊन काय बोलावं, असं तिनं विचारलं — मला. मी एका कागदावर सगळं लिहून दिलं: डॉक्टर कुठे बसतात, अर्ज कुणाच्या नावे करायचा. शेवंतानं तो कागद रेखाकडे दिला. रेखा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तो माझ्यापुढे धरला.

"तुमीच वाचा काकू. मला न्हाई जमत."

मी वाचून दाखवला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.