नोकरी गेल्यावरची रजा

पहिल्यांदा कतारला निघाले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बॅगेला हात लावू दिला नाही. कोपरगावच्या स्टँडपर्यंत, खड्ड्यांतून, त्यांनी स्वतः ती ओढत नेली आणि बस हलताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "पोचलीस की कळव. इकडची काळजी करू नकोस." स्वतःचंच ते वाक्य अण्णांनी पुढे फारच मनावर घेतलं.

त्यानंतर दरवर्षी मी रजेवर यायची ती पाहुणी म्हणूनच. आई कपाटातल्या काचेच्या ताटल्या काढायची. मी झाडू उचलला की हातातून काढून घ्यायची. "सुट्टीवर आलीय ती, तिला काही सांगू नका," असं शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बजावून ठेवलेलं असायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? दोह्याजवळच्या लुसैलच्या ऑफिसात वर्षभर प्रोजेक्टची शेड्यूल्स सांभाळल्यावर आयतं ताट कोणाला नको असतं!

मग तो प्रोजेक्टच गुंडाळला गेला. नोटिशीच्या काळाचा पगार मिळेल, ऑफिसला यायची गरज नाही, असं कळवलं गेलं. म्हणजे अल गराफातल्या भाड्याच्या खोलीत बसायचं, अर्ज पाठवायचे आणि फोनकडे बघत राहायचं. काही आठवड्यांतच माझं डोकं फिरायला लागलं. उरलेली रजा मागायला मी मॅनेजरकडे गेले. इजिप्तचा भला माणूस, पण त्याला हसूच आलं.

"अगं, तू तर सुट्टीवरच आहेस!"

"नाही सर, मी बसून आहे. सुट्टी वेगळी."

त्याने मान हलवली आणि "खलास, झालं, जा," म्हणत सही केली.

माझी रूममेट वैशाली नागपूरची. ती भडकली. "नोकरी नाही अन् सुट्टी कसली घेतेस? कॉल आला तर?" तिचं चुकत नव्हतं. व्हिसाच्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर देशच सोडावा लागणार होता. तरी मी तिकीट काढलं, जाण्याचं आणि परतीचंही.

घरी पहिल्याच जेवणाला सांगून टाकलं. पुढ्यात काचेची ताटली, आणि मी म्हणतेय, नोकरी गेली. आईने माझ्या ताटलीत आणखी एक पोळी वाढली. अण्णा पोळीचा घास हातात धरून नुसतेच बसले. आता हे दोघं मला जपत बसणार, असं वाटलं आणि नेमकं तेच मला नको होतं.

सकाळी अण्णांनी हाक मारली. "शुभा, ऊठ. गच्चीवरची टाकी धुवायचीय. माझ्याच्यानं आता चढवत नाही."

गुडघे कधीचेच गेले होते त्यांचे. टाकीत बोटभर गाळ होता. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली होती आणि ती दिसू नये म्हणून आईने त्यावर कॅलेंडर टांगलं होतं. दरवर्षी मी त्याच कॅलेंडरखाली बसून जेवत होते. मला राग आला, त्यांचा आणि माझाही.

"मला सांगितलं का नाही?"

"चार दिवस येतेस," आई म्हणाली, "त्यात हे कुठं सांगत बसायचं?"

ओढणी खोचली आणि चढले. टाकीत उतरून घासत असतानाच कतारहून फोन आला. पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावातली छोटी कंपनी. पगार कमी, जागा लांब. उद्याच भेटायला येता येईल का?

मी ब्रश खाली ठेवला; हो म्हणावंसं वाटलं. तरी म्हणाले, "रजा संपली की येते. रविवारी."

मग तो माणूस म्हणाला, "इन्शाल्ला, रविवारी."

मी पुन्हा ब्रश उचलला. उरलेल्या दिवसांत गवंडी आणून भिंतीची ओलही काढून घेतली. शेवटच्या दिवशी आईने मला रोजच्या स्टीलच्या ताटात वाढलं, तेव्हा मात्र डोळे भरून आले. निघताना बॅग मी उचलली आणि अण्णांनी ती उचलू दिली.

रविवारी नोकरी मिळाली. आता शमालमध्ये राहते. घर म्हटलं की मला ती टाकी आठवते, कोपरापर्यंत चिखलाने भरलेले माझे हात आठवतात. परवा शुक्रवारी फोन केला तर अण्णा तक्रारीच्या सुरात सांगत होते, "न्हाणीघरातला नळ गळतोय. प्लंबर येतो म्हणत होता. मी म्हटलं, राहू दे, आमची शुभा येणारच आहे."